दोन नसून एकच

वाळपईच्या मामलेदार कचेरीबाहेर
झेरॉक्सवाल्याच्या छपराखाली माझं टेबल,
एका पायाखाली करवंटी.
मी अर्ज लिहून देतो.
म्हातारपणाचे जास्त.

नियम मला पाठ आहेत शुक्रवारच्या आरतीसारखे,
म्हणजे अर्थाकडे लक्ष जात नाही:
साठ पुरी हवीत.
गोव्यात पंधरा वर्षांची वस्ती, तलाठ्याच्या सहीनं.
दुसरीकडून पैसा येत नसावा.
मुलगा सांभाळत असेल तर
सांभाळत नाही असं
मुलाच्याच पेनानं लिहून द्यावं.

सुलक्षा गावस आली, कोपार्ड्याची.
पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकात रेशनकार्ड,
रेशनकार्डाच्या घडीत आधार,
आणि सगळ्यांत आत, पानाच्या विड्यासारखी दुमडलेली,
जन्माच्या नोंदीची नक्कल.
तिच्यावर भलतंच नाव.
पोर्तुगीज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं:
दुआर्की.

ही कोण?
हांव.
आणि आधारावरची?
ती पण हांवच.

लग्नात नवऱ्यानं ताटभर तांदळात
अंगठीनं लिहिलं होतं नवं नाव.
मग त्याचा कागद? मी सवयीनं विचारलं.
ती म्हणाली, तांदूळ शिजवले रे पुता,
पावण्यांना भात कमी पडला होता.

पन्नासाचा स्टॅम्प आणला.
टाइप करू लागलो:
*मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की द्वारकी आणि सुलक्षा
या दोन नसून एकच व्यक्ती*
थांब, म्हणाली.
हे खोटं तर होणार नाही?
द्वारकी भर पाण्यात म्हादई पोहून जायची,
काजी राखायला, दात दाखवून हसत.
सुलक्षानं न्हंयेत पाय घातल्याला
चाळीस वर्षं झाली.
तशा दोनच होत्या.

मागे रांग होती.
पर्येचा एक म्हातारा छत्रीच्या दांड्यानं
जमिनीवर टकटक करत होता.
मी म्हटलं, मावशी, दोघींना एकच पेन्शन.
बरं, म्हणाली. मग एकच लिही.

पैसे हातात नाहीत, बँकेत.
महिन्याचे म्हणायचे, पण येतात तीन-तीन महिन्यांचे,
चतुर्थी जवळ असेल तर जरा लवकर.
आणि वर्षातून एकदा इथं यायचं,
हयातीचा दाखला द्यायला.
म्हणजे काय?
जिवंत आहे असं सांगायचं.
दिसत नाही?
दिसून चालत नाही, सही लागते.
आणि मेले तर?
घरच्यांनी कळवायचं. उशीर झाला
तर वरचे पैसे सरकार परत घेतं.

ती बराच वेळ नक्कलेकडे बघत राहिली.
हिचं कळवायचं राहिलंच कुणी, म्हणाली,
आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

मला पुढल्या जूनमध्ये साठ.
मी हद्दीपलीकडचा, सासोलीचा.
बावीस वर्षं या छपराखाली बसतोय,
पण टेबलाला घर नंबर नाही.
लोकांचे अर्ज लिहिताना मधेच
माझ्या पंधरा वर्षांचे पुरावे मोजत राहतो:
एक गॅसची पावती, एक दवाखान्याचा केसपेपर,
एक शिव्या दिलेला पोलीस, तो बदलून गेला.

माझे पैसे तिनं दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत.
वर्तमानपत्रात बांधलेली भिरंडीची सोलां
टेबलावर ठेवली, ओलसर होती अजून,
आणि अंगठा उठवून नोटरीकडे गेली.

दहा मिनिटांत परत.
स्टॅम्पच्या कोपऱ्यावर लाल डाग,
बरोबर दोन नावांच्या मधे.
डाग पडलेला कागद चालत नाही म्हणे.
नवा स्टॅम्प, नवे पन्नास. ते मी घातले.
पुन्हा टाइप केलं:
दोन नसून एकच.
ह्या वेळी तिनं थांब म्हटलं नाही.